हो म्हणजे हो

गाडीच्या काचेवर गावाचं नाव होतं,
नुसत्या वेलांट्या. ज्यांना द्यायच्या ती अक्षरंच गायब.
शलाका म्हणाली, "यातली एक ओळखते मी,
कालच्या दुधाच्या पिशवीवर होती."
तेवढ्या पुराव्यावर आम्ही चढलो.

कुतायसी, दुसरा दिवस. बघायची होती
साताप्लियाच्या डोंगरावरची डायनासोरची पावलं,
तिच्या वहीत लाल पेनने तीनदा अधोरेखित.
"साताप्लिया?" मी ड्रायव्हरला विचारलं.
"हो," तो म्हणाला.
जॉर्जियनमध्येही हो म्हणजे हो, हे मी वाचून आलो होतो.
माझा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला का,
ते पुस्तकात नव्हतं.

शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोथिंबिरीच्या जुड्या.
त्यांनी शलाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे बोट केलं:
"मामा?"
"मामा नाही!" ती फिस्कन हसली. "बाबा. बाबा!"
"बाबुआ?" बाईंनी माझ्या पांढऱ्या कल्ल्यांकडे पाहून
मान डोलावली, जरा जास्तच समजुतीने.
पुढच्या सीटवरच्या तरुणाने शेवटी
मांडीवरचं बाळ उंच धरलं, स्वतःच्या छातीवर थाप मारली: मामा.
मग सीटवर पेंगणाऱ्या एका आजोबांकडे अंगठा: बाबुआ.
अख्खी गाडी हसली. आजोबा जागे झाले, तेही हसले.

बाईंनी मग माझ्या मागे वाकून पाहिलं,
थांब्यावर कुणी सुटलं तर नाही ना, असं.
"देदा?"
शलाका म्हणाली, "हो."
सकाळपासून तो एकच शब्द
ती सगळ्यांना सुट्ट्या पैशांसारखा देत होती.

शेवटचा थांबा. मक्याची कणगी, बंद शाळा, एक गाय.
"साताप्लिया?"
"आरा," ड्रायव्हर म्हणाला, "आरा, आरा,"
आणि हात लांब करून दाखवला दुसराच डोंगर,
मधे एक सबंध नदी.
घड्याळावर बोटाने दोन फेऱ्या: परतीला दोन तास.

नातेला (हे नाव बाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं)
आम्हाला घरी घेऊन गेल्या. अंगणावर द्राक्षाचा मांडव,
टेबलावर गरम, होडीसारखी लांब भाकर.
"पुरी," त्या म्हणाल्या.
"फुगलीच नाहीये," शलाका माझ्या कानात म्हणाली,
आणि अर्धी संपवली.

भिंतीवर फोटो होते. नातेला एकेकावर बोट ठेवत गेल्या:
मिशीवाला, मामा. काळ्या फितीतला, बाबुआ.
डोक्याला रुमाल, कडेवर पोर घेऊन उन्हात डोळे बारीक केलेली,
"देदा."
शलाकाचं चावणं थांबलं.
"मघाशी मी हो म्हटलं," ती म्हणाली.
"हं."
"आई कुठेय विचारत होत्या?"
"असेल."

गेल्या मार्चपासून हा विषय
आम्ही दोघं मराठीत काढत नाही.
शब्द सगळे येतात.

ती उठली, नातेलाबाईंसमोर उभी राहिली,
हात पाठीमागे, शाळेत कविता म्हणताना धरते तसे.
"देदा," ती म्हणाली. "आरा."
मला पाण्याचा पेला कुठे ठेवावा कळेना.

नातेलाबाईंनी काही विचारलं नाही. जवळही घेतलं नाही.
अंगणात गेल्या, एक तपकिरी कोंबडी धरली
आणि तिच्या हातात दिली, पंख कसे दाबायचे ते दाखवून.
कोंबडी ओरडली, शलाकाही ओरडली,
मग दोघी गप्प झाल्या. बराच वेळ.

सोडल्यावर ती ओल्या मातीतून पळाली.
शलाका खाली वाकली, पाहत राहिली.
तीन बोटं. पुन्हा तीन बोटं. मांडवापासून फाटकापर्यंत.
"बाबा, वहीतलं चित्र आठव."
पंजा ठेवून तिने एकेक पाऊल मोजलं,
गुडघे भरले, नखं भरली.

परतीला तोच ड्रायव्हर. आरशातून बघत
भुवया उडवल्या: "साताप्लिया?"
"हो," शलाका म्हणाली,
आणि चिखलाचे बूट सीटवर घेऊन
माझ्या अंगावर झोपली.